स्तोत्र १३३, हिशेब आणि बाहेर पडलेली आठ कुटुंबं: एका ताईंच्या कमेंटला उत्तर

सलाम ताई,

तुमची कमेंट आली त्याच रात्री वाचली होती, पण लगेच उत्तर टाकलं असतं तर नुसती स्वतःची बाजू मांडत बसलो असतो, म्हणून तीन दिवस थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या स्तोत्र १३३ वर मी जो संदेश दिला तो इथे टाकला होता, "बंधूंनी ऐक्याने एकत्र राहणे किती चांगले" हा शास्त्रभाग. त्या ऐक्याला स्तोत्रात दोन उपमा आहेत, महायाजक अहरोनाच्या डोक्यावरून उतरणारं तेल, आणि हर्मोन डोंगराचं दहिवर, म्हणजे दव, जे सीयोनावर, यरुशलेमेच्या डोंगरावर, पडतं. त्यावर ताईंनी लिहिलं की उपदेश करणाऱ्यांना हे स्तोत्र फार सोयीचं पडतं, कारण भांडण सुरू झालं की लोकांना गप्प बसवायला ते कामाला येतं. त्यांच्या मंडळीत बांधकामाच्या पैशाचा हिशेब मागितला तेव्हा पुढच्याच रविवारी हेच स्तोत्र वाचलं गेलं, शेवटी आठ कुटुंबं बाहेर पडली, आणि आता मी संदेशात म्हणतो की "जो उठून जातो तो आशीर्वाद सोडून जातो". आणि शेवटी एक ओळ, की हर्मोनचं दहिवर सीयोनावर कसं पडेल, जरा मॅप उघडून बघा.

ताई, ते उठून जाणाऱ्याचं वाक्य माझंच आहे आणि ते चुकलंय. शास्त्रभागात ते कुठेच नाही, मी माझ्या पदरचं घातलं. ते मी मागे घेतो. पण का चुकलं हे मला नीट सांगायचंय, कारण ते शोधताना या तीन ओव्यांकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं असं वाटतंय.

हिब्रूत या स्तोत्रात "राहणं" आणि "एकत्र" असे दोन शब्द जोडीने येतात. तीच जोडी बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १३ व्या अध्यायात आहे, अब्राम आणि लोट यांच्या गोष्टीत, फक्त तिथे उलटं आहे, गुरंढोरं इतकी वाढली की त्यांना एकत्र राहता येईना आणि गुराख्यांची भांडणं लागली. आता अब्राम मोठा, चुलता, देवाचं वचन मिळालेला माणूस. त्याने पुतण्याला ऐक्यावर प्रवचन दिलं का? तो म्हणाला आपण भाऊबंद आहोत, भांडण नको, तू आधी निवड, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. मोठ्याने पहिला हक्क सोडला. आणि दोघं वेगळे झाले! पुढच्याच अध्यायात लोटाला शत्रूंनी धरून नेलं तेव्हा हाच अब्राम ३१८ माणसं घेऊन त्याच्या मागे गेला. वेगळे राहत होते, पण भाऊपण सुटलं नव्हतं. हा भाग मला वीस वर्षं पाठ आहे आणि तरी संदेश तयार करताना तो या स्तोत्राच्या शेजारी ठेवून बघावा हे सुचलं नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे क्रम. १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं, वर्षातून तीन सणांना यरुशलेमेला चढून जाणाऱ्या लोकांची, आपल्याकडच्या वारीसारखी चालत म्हणायची. त्यातलं पहिलंच काय म्हणतं बघा. मी शांती बोलायला जातो तर ते लढाईला उठतात, अशा लोकांत मी फार दिवस राहिलो. म्हणजे वाट सुरूच होते ती तुमच्यासारख्या माणसाच्या तक्रारीपासून, आणि "बंधूंनी एकत्र राहणे" येतं ते अगदी शेवटून दुसरं. आम्ही काय करतो, १२० गाळतो आणि थेट १३३ वाचून दाखवतो, तेही ज्याने तोंड उघडलं त्याच्याकडे बघत.

आता तेल. अहरोनाच्या डोक्यावरून दाढीवर आणि तिथून वस्त्राच्या काठावर उतरणारं तेल. मागच्या आठवड्यात बहिणीच्या नातवाला आंघोळीआधी तेल लावत होते, मी शेजारीच बसलो होतो. टाळूवर वाटीतलं तेल ओतलं, ते कानामागून खाली आलं, मानेच्या वळीत जरा थांबलं आणि मग पाठीवर गेलं, कोणी ढकललं नाही, आणि सगळ्या खोलीला वास. मूळ भाषेत या दोन ओव्यांत "उतरणं" हे एकच क्रियापद तीनदा आलंय, दोनदा तेलासाठी आणि एकदा दहिवरासाठी. वरून खाली. मग ऐक्य आणायची जबाबदारी आधी कोणावर, ज्याच्या डोक्यावर तेल ओतलंय त्याच्यावर की काठावर उभ्या असलेल्यांवर? तुमच्याकडे काठाला सांगितलं गेलं की तू वर चढ.

आणि हे तेल म्हणजे कुठलंही तेल नव्हे. निर्गमच्या ३० व्या अध्यायात त्याची कृतीच दिलीय, बोळ (सुगंधी डिंक) ५०० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप), दालचिनी २५०, वेखंड २५०, तज ५०० आणि एक हिन (पातळ पदार्थाचं माप) जैतुनाचं तेल. आणि लगेच ताकीद, याची नक्कल कोणी करायची नाही, केली तर तो लोकांतून छेदला जाईल. ताई, मला वाटतं तुमच्या मंडळीत वाटलं गेलं ते नकली तेल होतं. वास तसाच, पण घरी केलेलं. अहरोनाच्या छातीवरच्या ऊरपटावर बारा खडे, इस्राएलाच्या बारा वंशांची नावं कोरलेली, हेही विसरू नका, एकाही वंशाचं नाव खरवडून काढायचा अधिकार त्याला नव्हता.

हिशेबाबद्दल तर वादच नाही. २ करिंथ या पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौल वर्गणीचे पैसे नेताना मुद्दाम मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून, आणि सरळ म्हणतो की प्रभूच्या दृष्टीनेच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्हाला करायचंय. प्रेषिताला ज्याची लाज वाटली नाही त्याचा आपल्या पंचांना राग का यावा?

फक्त हर्मोनच्या पॉइंटवर मी तुमच्याशी भांडणार आहे. मॅप उघडला. हर्मोन उत्तरेला, २८१४ मीटर उंच, बर्फाचा. सीयोन दक्षिणेला, मध्ये जवळजवळ २०० किलोमीटर, साधारण नाशिक ते पुणे समजा. तिथलं दव इथे पडणार नाही, खरंय. पण हे गाणाऱ्याला माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? तो पायी चाललेला माणूस! नगर जिल्ह्यात माझ्या मामाच्या शेतात पहाटे हरभऱ्यातून चाललं की गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं, आणि ते पडताना कधी कोणी बघितलेलं नसतं. तिकडे तर उन्हाळाभर पाऊस नाही, दवाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त. उत्तरेचं हे दव दक्षिणेच्या कोरड्या डोंगरावर उतरतंय, आणि शलमोन राजानंतर राज्य उत्तर आणि दक्षिण असं कसं फुटलं ते आपण वाचतोच. जे माणसाच्या हातून होत नाही तेच तो गातोय असं मला वाटतं, आणि इथे मी हटणार नाही.

एक शेवटची गोष्ट, कालपासून डोक्यातून जात नाहीये. गणना या पुस्तकाचा १२ वा अध्याय. मिर्याम आपल्या भावाविरुद्ध, लोकांचा पुढारी मोशेविरुद्ध, बोलली, तिला कोड झालं, सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. ती चुकली होती. तरी लिहिलंय की तिला परत आत आणेपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. चुकलेल्या बहिणीसाठी अख्खी छावणी सात दिवस थांबली, आणि तुम्ही नुसता हिशेब मागितला तर तुमच्यासाठी एक रविवारसुद्धा कोणी थांबलं नाही. तुमच्या मंडळीच्या वतीने मी काही बोलू शकत नाही, मी तिथला नाही. पण माझ्या त्या वाक्याने तुमची जखम परत उघडली, त्याबद्दल माफी मागतो.

जुन्या पोस्टमधलं ते वाक्य काढलेलं नाही, खाली दुरुस्ती लिहिलीय, म्हणजे आधी वाचलेल्यांना कळेल. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी परत माझी पाळी आहे, या वेळी १२० पासून सुरू करतोय. त्यात नाव-गाव न घेता तुमच्या आठ कुटुंबांचं सांगितलं तर चालेल का? नको म्हणालात तर नाही सांगणार. आणि तुम्ही सगळे आता कुठे जमता, कोणाच्या घरी की नाहीच जमत, तेवढं कळवा.