साडेबारा व्होल्ट दाखवणारी मेलेली बॅटरी

‘गॅरेजवाल्याकडून फसू नका’ असं बजावणारा एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. सार असं: गाडी बंद केली की लगेच बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचं यंत्र) लावा. साडेबाराच्या वर आकडा आला तर बॅटरी ठणठणीत, बाराच्या खाली आला तर भंगारात. खात्रीसाठी मीटर १० अँपिअरवर ठेवून ‘ताकद’ मोजा.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण त्यात हात भाजतो. अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार. ती दोन टर्मिनलांना टेकवली की बॅटरी शॉर्ट. फ्यूज असेल तर तो उडेल. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरांना तिथे फ्यूजच नसतो.

आता साडेबारा. व्होल्टवर ठेवलेला डिजिटल मीटर बॅटरीकडून जेमतेम एखादा मायक्रोअँपिअर घेतो. सेल्फ मारताना मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढते. खाटेवर पडलेल्याची नाडी बघून तो सिंहगड चढेल का ते ठरवावं, तसलाच हा प्रकार. बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, ५ मिलिओहम असेल तर १५० अँपिअरला पाऊण व्होल्ट पडतो. म्हातारपणी तोच ३० मिलिओहम झाला तर साडेचार व्होल्ट. मीटरला मात्र दोन्ही बॅटऱ्या सारख्याच दिसतात. आमची चार वर्षांची बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ दाखवत होती, सेल्फ मारताच ८.२!

म्हणून मीटरचे प्रोब (तारांची टोकं) टर्मिनलवर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चार्ज केलेली बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर संशय घ्या. साधा मीटर संथ असतो, क्षणभराची खोल बुडी त्याच्या हाती लागत नाही, दोन-तीनदा बघा. नुसते हेडलाइट लावून भागत नाही, ते आठ-दहा अँपिअरच घेतात.

‘लगेच मोजा’ हेही चूकच. नुकतीच चार्ज झालेली बॅटरी वरवरचे तेरा व्होल्ट दाखवते. रात्रभर थांबा.

बाराच्या खाली म्हणजे बहुतेकदा बॅटरी नुसती उतरलेली. आधी चार्जिंगला लावा. पूर्ण चार्जनंतरही साडेदहावरच अडली तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी एक गेला, तिथे मेसेज योगायोगाने बरोबर.

आणि सेल्फ मारताना एक प्रोब शिशाच्या खुंटावर, दुसरा त्यावर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पवर ठेवून पाहा. तिथेच अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष बॅटरीचा नाही, मधल्या पांढऱ्या-हिरव्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या गंजाचा. पॉलिश पेपर पुरतो.