घर बांधताय? आधी फूटपाथचा बंदोबस्त करा

नागपुरात बेसा असो की मनीषनगर, प्लॉट घेतला, तो नियमित असल्याचं पत्र, म्हणजे आर.एल., हाती आलं, भूमिपूजन झालं. अभिनंदन! आता वास्तूवाला, टाइल्सवाला, पीओपीवाला असे सगळे येऊन सल्ले देतील. पायी चालण्यापासून आणि शेजाऱ्यांपासून घर कसं वाचवायचं, हे मात्र त्यातला एकही सांगणार नाही. ते माझ्याकडून ऐका. बारा वर्षं लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या अशाच वस्तीत काढली आहेत.

पहिलं काम रॅम्पचं. समोरचा सिमेंट रोड आज ना उद्या तुमच्या उंबऱ्याच्या वर जाणार आणि पावसाळ्यात रस्त्याचं पाणी सोफ्याखाली येणार. म्हणून प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, उंच घ्या. प्लिंथ उंच झाली की गाडी चढवायला रॅम्प आलाच. तो कंपाउंडच्या आत घेऊ नका, पाच फूट जागा फुकट जाते. बाहेर घ्या. तिथे फूटपाथ नावाची मोकळी जागा तुमच्यासाठीच ठेवलेली असते. मिस्त्री फूटपाथच्या फरशीकडे बोट दाखवून विचारेल, "साहेब, गट्टू काढू का?" मान हलवा. निघालेले गट्टू मागे तुळशीपाशी छान बसतात. आमच्याकडे बसले आहेत.

शेजाऱ्याचा रॅम्प तुमच्यापेक्षा चार बोटं उंच होईल, त्याच्या पलीकडच्याचा सहा बोटं. होऊ द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत वस्तीतल्या फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, असं लिहिलं आहे. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच. आमच्या ओळीत बारा घरं आहेत, म्हणजे बारा रॅम्प. त्यांच्या मधल्या जागेत विजेची डी.पी., कूलरचे स्टँड आणि कव्हर घातलेली एक कार, जिचं कव्हर मी कधी निघालेलं पाहिलं नाही. आई एकदा काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मंदिरात निघाली. सहाव्या रॅम्पवरून परत आली आणि पायरीवर टेकून म्हणाली, "एवढ्यात रामटेकचा गड चढले असते, तर दर्शन तरी झालं असतं." तेव्हापासून ती देव टीव्हीवर पाहते. रॅम्पचा हाही एक फायदा.

दुसरं, दारापुढे ओटा अजिबात नको. हे मी महाल या जुन्या वस्तीत वाढलो म्हणून पोटतिडकीनं सांगतोय. आमच्या गल्लीत प्रत्येक दाराला ओटा होता. आई अर्धा पाव तेल आणायला पाठवायची. दुकान पाच मिनिटांवर, पण परत यायला अर्धा तास. पहिल्या ओट्यावर "काय बे, परीक्षा कधी?", दुसऱ्यावर "आईचा ताप उतरला का?", तिसऱ्यावर हातात वाटी आणि "ही घेऊन जा जाताजाता." संकष्टीच्या दिवशी मी एकदा बडकस चौकात समोसा खाल्ला होता. घरी पोचलो तर आईला समोशासोबतच्या चटणीचा रंगसुद्धा माहीत होता. असल्या जाचातून सुटायचं असेल, तर सात फुटांची भिंत, वर काचांचे तुकडे आणि गेटवर कॅमेरा. कॅमेरा रेकॉर्डिंग करतो, पण आईचा ताप विचारत नाही.

आता रस्ता. रुंद मागा, गुळगुळीत मागा, स्पीडब्रेकरला विरोध करा. याला शास्त्रीय आधार आहे. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या संशोधकानं एकसारख्या घरांच्या तीन गल्ल्या तपासल्या. दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या त्या गल्लीत माणसाला सरासरी तीन मित्र निघाले. १६,००० गाड्यांच्या गल्लीत? ०.९. म्हणजे एक अख्खा मित्रसुद्धा नाही. त्या बिचाऱ्यांना गाड्या वाढवल्या की मित्र कमी होतात हे मोजून काढावं लागलं; आपण ते न मोजता साधलं.

आणि लेआउटला गेट एकच ठेवा. मागून रस्ता असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुरक्षेचा मुद्दा काढून तो बंद करून टाका. आम्ही केला. पूर्वी मागच्या बोळातून किराणा दुकान दोनशे पावलांवर होतं. आता मेन गेट, मेन रोड, डिव्हायडर संपेपर्यंत पुढे, तिथून यू-टर्न. अ‍ॅक्टिव्हाशिवाय कोथिंबीर येत नाही. चालत गेलात तर लोक काळजी करतात. मागच्या महिन्यात मी सहज पायी निघालो, तर तीन जणांनी गाडी थांबवली. "काय भाऊ, पैदल कुठं जाऊन राहिले? गाडी बिघडली का?" एकानं तर आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

झाडांचं थोडक्यात उरकतो. कडुनिंब असेल तर काढा, पाला पडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सावली नसलेल्या सिमेंटवर दुपारी कुत्रंही फिरकत नाही, तिथे मित्र कुठून येणार?

तब्येतीचं काय, असं बायको विचारेल. तिला लंडनच्या दुमजली बसची गोष्ट सांगू नका. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि त्याच बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. नागपूर दुमजली कामात मागे नाही. वर्धा रोडवर आपला ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे, त्याची २०२२ मध्ये जागतिक विक्रमात नोंद झाली. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. चालणाऱ्याचा मजला कोणता, असले प्रश्न विक्रमाच्या वेळी विचारायचे नसतात.

शिवाय चालायला वेगळी सोय आहेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या डॉक्टरांनी शुगर बघून तेच सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला मी गाडी काढतो, सहा किलोमीटरवर अंबाझरी तलावाला जातो, पार्किंगसाठी पंधरा मिनिटं फिरतो (गाडीतूनच), मग अर्धा तास चालतो आणि परत येतो. पेट्रोल धरलं तरी ट्रेडमिलपेक्षा स्वस्त.

तिथे एका गृहस्थांशी ओळख झाली. आठ महिने आम्ही जोडीनं फेऱ्या मारल्या. त्यांची बायपास, माझी शुगर, दोघांची मुलं पुण्यात, तर्री पोह्यांचा सगळ्यात चांगला ठेला कुठला यावर कडाक्याचा वाद. घर कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात तेच म्हणाले, "या की चहाला," आणि पत्ता सांगितला. माझ्या मागच्या भिंतीला लागून! काचांचे तुकडे निम्मे त्यांनी लावले होते, निम्मे मी.

भिंतीवरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण भिंत सात फुटांची, आणि आमची वयं. मग गाडी काढली. मेन गेट, मेन रोड, यू-टर्न, त्यांच्या लेआउटचं गेट, तिथल्या रजिस्टरमध्ये नाव, नंबर, कोणाकडे, कशासाठी. दीड किलोमीटर झालं. चहा निवला होता, वहिनींनी परत गरम केला.

गाडी लावायला जागा मात्र लगेच मिळाली. त्यांच्या घरासमोरचा फूटपाथ अजून शाबूत आहे.