‘बोर्डाने दिलेले टक्के अंतिम’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आत्याने दिव्यांग दाखला घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला होता. का, तर बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘बोर्डाने दिलेले टक्के अंतिम असतात. अपील केल्यास बनावट दिव्यांग म्हणून गुन्हा दाखल होतो, आहेत ते टक्केही जातात. 40 च्या खालचा दाखला म्हणजे रद्दी. दाखला ज्या जिल्ह्याचा, त्याच जिल्ह्यात चालतो. वकिलाशिवाय काही होत नाही. सर्वांना पाठवा.’ आणि सर्वांनी पाठवला. हाच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून लिहायला बसले.

आत्याच्या उजव्या पायाला लहानपणीचा पोलिओ. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने दाखल्यावर दिव्यांगत्व लिहिलं 30 टक्के. संजय गांधी निराधार योजनेला 40 लागतात, त्यामुळे तहसीलमधून अर्ज परत आला. पुढे काय करायचं हे विचारायच्या आधीच हा मेसेज पोचला आणि ती घाबरली. ‘या वयात पोलीस दारात नकोत गं,’ एवढंच म्हणाली.

तेव्हा आधी गुन्ह्याचंच बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने केलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. याच्या कलम 91 मध्ये शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती कोणाला? दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला. खोटी कागदपत्रं जोडणाऱ्याने जरूर घाबरावं. स्वतःचा खरा पाय, खरा हात घेऊन ‘पुन्हा तपासा’ म्हणणाऱ्या बाईचा त्या कलमाशी काडीचा संबंध नाही. त्याच कायद्याचं कलम 59 सरळ सांगतं की प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. ‘टक्के अंतिम’ हा मुद्दा इथेच संपला. जो कायदा अपिलाची वाट दाखवतो, तोच त्या वाटेने गेलं म्हणून गुन्हेगार कसा ठरवेल? मेसेज लिहिणाऱ्याने कायदा एकदा तरी उघडला होता का?

‘आहेत ते टक्केही जातात’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. फेरतपासणीत आकडा वर जाईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, तो खालीही येऊ शकतो. पण ज्या 30 टक्क्यांवर निराधारचा एक रुपया मिळत नाही, ते सांभाळून आत्याने काय करायचं?

आता तिच्या हाताचं सांगते. काही वर्षांपूर्वी पडून तिचं डावं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. मूठ पूर्ण वळत नाही, भरलेली कळशी त्या हाताने उचलत नाही. बोर्डापुढे ती गेली तेव्हा हात पदराखाली होता. डॉक्टरांनी पाय बघितला, हिने हाताचं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तिला वाटलं, अर्ज पायाचा आहे. असं कितीजणांचं होत असेल! दोन अवयवांचे टक्के एकत्र करायची रीत केंद्र सरकारच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. नुसती बेरीज होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचं, 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. पायाचे 30 आणि हाताचे समजा 20 धरले, तर 50 होत नाहीत, पण 43 च्या पुढे जातात. हाताला किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. मुद्दा एवढाच की हात तपासलाच गेला नाही, आणि अपील याच्यासाठीच असतं.

‘40 च्या खाली रद्दी’ हेही चूक. अनुदान आणि आरक्षणाला 40 लागतात, बरोबर. पण 40 च्या आतल्यांसाठीही यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, पांढऱ्या रंगाचं. आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही.

जिल्ह्याचं म्हणाल तर कलम 58 प्रमाणे दाखला देशभर चालतो. वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि दिव्यांगांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

मेसेजमध्ये नसलेली, पण खरोखर भिण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: अपिलाला मुदत असते, ती राज्याच्या नियमांनी ठरते. म्हणून दाखला हातात पडला की त्यावरची तारीख बघा आणि जिथे तपासणी झाली तिथेच लेखी विचारा, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. ‘तुम्हाला दिव्यांगत्व नाही’ असं कोणी तोंडी सांगून परत पाठवलं तर हलू नका. कलम 58 म्हणतं, तेही लेखी कळवायचं असतं. तोंडी नकाराविरुद्ध अपिलात जोडणार काय?

काल संध्याकाळी आत्याची ट्रंक उघडली. दाखल्याच्या खालीच मनगटाचा जुना एक्स-रे निघाला, पिवळ्या पाकिटात, तारखेसकट. दोन्हीच्या झेरॉक्स काढल्यात. सोमवारी सिव्हिलला जातोय, आणि या वेळी हात पदराबाहेर ठेवायचा, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.