शाही पलंग घेताय? घ्याच!

घ्या हो, बिनधास्त घ्या. सोनेरी नक्षी, उशाशी मुकुट, बटणं मारलेलं मखमली हेडबोर्ड. दुकानदार त्याला एकदा बरोक म्हणेल, एकदा व्हिक्टोरियन आणि तुमचं आडनाव ऐकून झालं की महाराजा डिझाइन, तुम्ही प्रत्येक वेळी मान डोलवायची. बरोक, म्हणजे युरोपातली जुनी भपकेबाज शैली, हा शब्द पोर्तुगीजांच्या वेड्यावाकड्या मोत्यावरून आला म्हणतात, आणि आता तो मोती तुमच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये येणारे.

फक्त त्यावर झोपायचा विचार डोक्यातून काढून टाका. झोपणं हे या पलंगाचं काम कधी नव्हतंच. फ्रान्समध्ये व्हर्सायला राजा चौदाव्या लुईने 1701 मध्ये आपली बेडरूम राजवाड्याच्या बरोब्बर मधोमध आणली, पलंगापुढे सोनेरी कठडा, आणि रोज सकाळी राजा उठतो कसा, सदरा घालतो कसा हे बघायला दरबारी हजर. राजा खोलीत नसला तरी त्यांनी जाता-येता त्या रिकाम्या पलंगाला वाकून मान द्यायचा. त्याच्या मागून आलेला पंधरावा लुई मात्र हुशार, त्याने 1738 मध्ये शेजारी एक लहान, उबदार खोली करून घेतली, रात्री तिथे झोपायचा आणि सकाळी मोठ्या पलंगाकडे येऊन "उठायचा". तेव्हा तुमचा जुना दिवाण भंगारात देऊ नका.

आता कारागिरी. तुम्ही म्हणाल अस्सल सागवान पाहिजे. कशाला? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 1700 च्या आसपासचा मेलव्हिल पलंग आहे, उंची साधारण पंधरा फूट, आणि आत लाकूड कसलं, तर ओक आणि पाइन. सगळा थाट कापडाचा, बाहेरून लालभडक मखमल, आतून पांढरं चिनी रेशीम, झालरी, गोंडे. त्या काळी पैसे सुताराला कमी आणि कापडाला जास्त जायचे. पंधरा फुटांचं टेन्शन घेऊ नका, वरच्या मजल्यावाल्यांशी एकदा बोलून बघा.

सोन्याचं मात्र मनापासून सांगतो, कारण ते काम खरंच बघण्यासारखं असतं. कोरलेल्या लाकडावर खडूची भुकटी आणि जनावराच्या कातड्याचा सरस यांचे थरावर थर द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, त्याने बुजलेली नक्षी परत कोरायची, मग लाल मातीचा हात, आणि मग पाण्यावर सोन्याचा वर्ख. आजचा वर्ख इतका पातळ की दहा हजार पानं एकावर एक ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर, बोटाने उचलायला गेलात तर बोटालाच चिकटून बसेल, म्हणून खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावर फिरवून त्या तेलकटपणावर पान उचलतात, पंखा बंद, खिडकी बंद, शिंक पण बंद. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटायचं, तेव्हा कुठे ती चमक येते.

तुम्हाला यातलं काहीच करायचं नाहीये. तुमच्या पलंगाची पानं-फुलं साच्यातून पडलेल्या फोमची असतील, खाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर स्प्रे. जरा महाग घेतलात तर वर्ख मिळेल, पण तो तांबं-जस्ताचा, वरचं कोटिंग निघालं की पितळेच्या समईसारखा काळा पडणारा. समईला निदान चिंच तरी लावता येते. आणि अस्सल सोनं मिळालंच तर कामवाल्या मावशींना ओल्या फडक्यापासून लांब ठेवा, पाण्यावर बसवलेलं सोनं पाण्यानेच निघतं आणि खालची लाल माती दिसायला लागते. जुन्या पलंगावर असं झालं की लोक कौतुकाने किंमत वाढवतात, तुमच्यावर झालं की सासूबाई मावशींना विचारतात.

हायड्रॉलिक स्टोरेज विसरू नका, लुईकडे ते नव्हतं. सोनेरी पानांच्या खाली गोधड्या, दिवाळीचे डबे आणि बंद पडलेला मिक्सर. वर मुकुटाला मच्छरदाणी छान अडकते.

पलंग लिफ्टमध्ये मावणार नाही, दोरीने गॅलरीतून चढवावा लागेल, ते बघायला सोसायटी खाली जमेल तेवढाच तुमचा दरबार. मलाही बोलवा, मी येईन, दारातूनच पलंगाला वाकून नमस्कार करीन. रात्री राहायचं झालं तर हॉलमध्ये एक गादी टाका.