‘इंजेक्शनचा खर्च दिला की विषय संपला’? नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पाळीव कुत्रा मुलाला पहिल्यांदाच चावला असेल तर गुन्हा नोंदवता येत नाही, मालकाने इंजेक्शनचे पैसे दिले की पुरे. हे चूक आहे.

भारतीय न्याय संहितेत ‘पहिला चावा माफ’ अशी सवलत कुठेही नाही. कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणं हाच गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘आधी कोर्टातून आदेश आणा’ हे उत्तर पोलीस ठाण्यात ऐकून घेऊ नका. मात्र तो जामीनपात्रही आहे. मालक लगेच तुरुंगात जाईल, ही उलटी अफवाही तितकीच पोकळ. निष्काळजी कृतीने गंभीर दुखापत झाली तर कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुलै 2025 मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या 11 वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला, तेव्हा मालकावर याच कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. व्हिडिओत मालक हसताना दिसत होता. त्यावर वेगळं काय बोलायचं!

उपचाराचा खर्च देणं चांगलंच, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाही करता येतो. मात्र ठाण्याआधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि मुलाला दवाखान्यात न्या. तिथले कागद तक्रारीलाही लागतात.