‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

क्रोमॅटिनवरच्या, म्हणजे हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर (न्यूक्लिओसोमांवर) गुंडाळलेल्या डीएनएवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘लेखकाने न्यूक्लिओसोम फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेले दिसतात. प्रमोटर [जनुक चालू करणारा डीएनएचा भाग] आधी मोकळा होतो, मग जनुक चालू होतं हे गृहीतच धरलंय; उलटंही असू शकतं. आयस्वीचा [न्यूक्लिओसोम सरकवणाऱ्या प्रथिनांच्या एका गटाचा] उल्लेख नाही. अ‍ॅसिटिलेशनचं विद्युतभाराचं स्पष्टीकरण [हिस्टोनला अ‍ॅसिटिल गट जोडला की त्याचा धनभार घटून डीएनएवरची पकड सैल होते, हे] जुनाट आहे. अभ्यास वाढवा.’

मतभेद असावेत, पण हा सूर कशासाठी? समोरच्याने काय पाहिलंय हे आपल्याला घरबसल्या कसं कळलं?

पाहिलेलंच सांगतो. माझी उमेदीची वर्षं यीस्टच्या क्रोमॅटिनवर गेली. केंद्रकं वेगळी करायची, त्यांवर मायक्रोकॉकल न्यूक्लिएज टाकायचं, डीएनए काढून जेलवर पळवायचा, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. हे एन्झाइम दोन न्यूक्लिओसोममधला उघडा दुवा आधी कापतं. हिस्टोनभोवती गुंडाळलेल्या १४७ बेसजोड्यांच्या वाटेला ते सहसा जात नाही. म्हणून जेलवर शिडी उमटते: सगळ्यात खाली एका न्यूक्लिओसोमचा पट्टा, वर दोघांचा, त्यावर तिघांचा. एन्झाइम जरा जास्त वेळ राहिलं की वरचे पट्टे विरतात आणि सगळं तळाला गोळा होतं. असली जेलं किती फेकली याचा हिशेब नाही. पुस्तकातल्या चित्रात हे दिसत नाही, बरं का.

याच कामात फॉस्फेटच्या टंचाईत चालू होणाऱ्या पीएचओ५ जनुकाशी गाठ पडली. माध्यमात फॉस्फेट भरपूर असेल तेव्हा त्याच्या प्रमोटरवर चार न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी बसलेले असतात. फॉस्फेट तोडा, पीएचओ४ हे जनुक चालू करणारं प्रथिन येऊन चिकटतं, एटीपीची ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोम हलवणारे रीमॉडेलर कामाला लागतात आणि ते चारही उठतात. ‘उलटंही असू शकतं’ म्हणता? टाटा बॉक्स, म्हणजे जनुकाचं वाचन सुरू व्हायला लागणारा प्रमोटरमधला छोटा तुकडा, उडवलेल्या यीस्टमध्ये हे जनुक धड चालत नाही, तरी फॉस्फेट संपलं की प्रमोटर मोकळा होतोच. म्युनिकच्या गटाने हे १९९३ सालीच दाखवलंय. त्याआधी १९८८ मध्ये हान आणि ग्रुनस्टाइन यांनी पेशीतलं हिस्टोन एच४ तयार होणंच थांबवलं; न्यूक्लिओसोम घटले, तर फॉस्फेट असतानाही पीएचओ५ जागं झालं. आधी काय आणि मग काय, हे यावरून मला तरी पुरेसं स्पष्ट दिसतं. आपल्याला दिसत नसेल तर नाइलाज आहे.

आयस्वीबद्दल मान्य. हे रीमॉडेलर न्यूक्लिओसोम समान अंतरावर मांडतात, पुष्कळदा जनुक बंद ठेवायलाच हातभार लावतात. एक ओळ हवी होती. आज टाकतो.

अ‍ॅसिटिलेशनचं म्हणाल, तर अ‍ॅसिटिल गट ओळखून चिकटणारे प्रथिनांचे भाग, ब्रोमोडोमेन, मलाही ठाऊक आहेत. एका लेखात किती कोंबायचं? ते पुन्हा केव्हातरी.

राहिला आपला उपदेश. मुद्दे कितीही कडक लिहा, छापीन. पण पुढच्या वेळी ‘अभ्यास वाढवा’ दिसलं, तर अख्खी प्रतिक्रिया उडवीन.