एकशे वीस पीएसआय आणि एक म्हैस

गेल्या रविवारी भिवरीकडच्या एका गोठ्यातल्या म्हशीने मला व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मी तेव्हा सायकलीच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो आणि कशीबशी भरलेली हवा नुकतीच निघून गेली होती. आज गुरुवार. राग अजून उतरलेला नाही.

बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरताना मागचं चाक बसलं. चाक काढलं, टायरच्या आतून अंगठा फिरवला, तर बाभळीच्या काट्याचं टोक बोटाला लागलं. तांदळाच्या कणीएवढं. उपटून काढलं, नवी ट्यूब बसवली. इथवर सगळं ठीक. मग खिशातला पंप काढला.

ह्या वीतभर पंपांचं एक गणित आहे, ते दुकानात कोणी सांगत नाही. रेसिंग सायकलच्या बारीक टायरात नव्वद पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला नव्वद पौंड, दाब आणायचा तर बाहेरची साधारण सहा लिटर हवा आत कोंबावी लागते. पंपाच्या एका स्ट्रोकमध्ये जाते तीसेक मिलिलिटर. म्हणजे थेंबभर गळती नाही असं धरलं तरी दोनशे स्ट्रोक. त्यातले पहिले शंभर माणूस गुणगुणत मारतो. पुढे दाब चढतो, आणि पंपाचा आतला व्यास दोन सेंटिमीटर असेल तर शेवटी शेवटी प्रत्येक स्ट्रोकला वीस किलोंचा जोर लागतो. तोही उकिडवं बसून, दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह सांभाळत. बारीक पंप घेतला तर जोर कमी आणि स्ट्रोक जास्त. जाड घेतला तर स्ट्रोक कमी, पण जोर असा की पंप जागेवर राहतो आणि आपणच वर-खाली होतो. जाड पंप खरं तर माउंटन बाइकवाल्यांसाठी; त्यांच्या रुंद टायरांना चाळीस पीएसआयही पुरतात. हे डब्यावर लिहायला जागा नसते. डब्यावर मोठ्या अक्षरांत '१२० पीएसआय' असतं. कोणाच्या हाताने, ते नसतं.

एवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा कॅन जुन्या ट्यूबने आवळलेला. स्वार पन्नाशीचा, कानाला मफलर.

"काय झालं वो सर?"

"पंक्चर."

"आन् हे काय हातात?"

"पंप."

"ह्यो पंप?" त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उघडला, मिटला, डोळ्याला लावून पाहिला. "आमची गन बी अशीच आस्ती. जरा लांब."

"कसली गन?"

"म्हशी भरवायची. जनावरांचा डॉक्टर हाय मी."

आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. हवेचा टायर ज्याच्या नावाने ओळखतात तो जॉन बॉइड डनलप हाही जनावरांचाच डॉक्टर, बेलफास्टचा. पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. कल्पना त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने मांडून ठेवली होती, पण तेव्हा सायकलीच धड नव्हत्या. मुद्दा इतकाच की सायकलची हवा आणि गुरांचे डॉक्टर हा संबंध जुना आहे. पण डनलप निदान कामाला हात लावत होता. आमचे डॉक्टर मैलाच्या दगडावर बसले.

"मारा की. थांबलात का?"

मी मारू लागलो. डॉक्टरांचा फोन वाजला. "आलोच अण्णा. घाटातच हाय. हितं एका सायबाचं काम चाललंय." फोन ठेवून मला म्हणाले, "म्हैस माजावर हाय. पण सकाळी माज दिसला की सांजच्याला भरवायची आस्ती. घाई मालकालाच आस्ती, म्हशीला न्हाई."

"तुम्ही निघा ना, माझं होईल."

"न्हाई न्हाई. अडलेल्या मानसाला सोडून जात न्हाई आपण."

मग बराच वेळ ते माझ्या कोपराकडे पाहत राहिले. कोपर बाहेर जातंय म्हणाले, खांद्यातून जोर लावा म्हणाले, न्याहारी केली होती का म्हणाले. शेवटी मागच्या कॅनवर थाप मारून म्हणाले, "सर, पेट्रोल पंपावर चारचाकीत नायट्रोजन भरत्यात न्हवं का? पैसं घेत्यात वर. ह्यात नायट्रोजनच हाय."

"तो द्रवरूप असतो ना?"

"आसंना का. थेंबभर टाकू. फुगंल आपोआप."

शास्त्र म्हणून माणूस चुकत नव्हता. एका लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास सातशे लिटर वायू होतो. फक्त तो असतो उणे १९६ अंशांना, आणि माझी ट्यूब, माझी बोटं आणि कॅनमधलं उत्तम मुऱ्हा रेड्याचं गोठवलेलं वीर्य, कोणाचंच त्यात भलं नव्हतं. मी हात जोडले. मनातल्या मनात त्या सोळा ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची आठवण काढली, जी दोन सेकंदांत चाक टणक करतात आणि मग फेकून द्यायची असतात. तो वायू रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊच. पण मला दुसऱ्या दिवसाचं काय पडलं होतं?

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. डॉक्टर दुखावले. "खोटं बोलतो व्हय मी? बघा!" आणि त्यांनी व्हिडिओ लावून फोन माझ्यावर धरला. पडद्यावर आधी एक टोपी, मग एक बाई, मग त्यांच्यामागे रवंथ करणारी ती स्वतः. तिघांनी मला नीट पाहिलं.

माझा नेमका शेवटचा स्ट्रोक झाला होता. अंगठ्याला चाक दगडासारखं लागत होतं, म्हणजे साठ असेल नाहीतर नव्वद. अंगठ्याला फरक कळत नाही आणि पंपाला गेज नाही. आता ह्या पंपाची रबरी नळी व्हॉल्व्हवर आट्यांनी बसते. आणि माझ्या सायकलचा प्रेस्टा, म्हणजे रेसिंग सायकलींना असतो तो बारीक व्हॉल्व्ह, असा नाजूक की त्याचा गाभाही आट्यांनीच बसवलेला. दोन्ही आटे एकाच दिशेने सुटतात. मी नळी फिरवली. नळीबरोबर गाभा आला.

फुस्स.

"गेली," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले.

"कोण गेली?" गोठ्यातून घाबरा आवाज आला.

गाभा घट्ट करून मी पुन्हा पहिल्यापासून हवा भरली. डॉक्टर तेवढ्यात निघून गेले. जाताना "जपून" म्हणाले, पंपाला की मला ते कळलं नाही. खालच्या पंक्चरवाल्याकडे चांगला कॉम्प्रेसर होता, पण त्याचं नोझल मोटरसायकलचं, प्रेस्टावर बसत नाही. पन्नास रुपयांच्या आतलं एक पितळी अडॅप्टर लागतं. हजारोंची सायकल विकताना ते डब्यात टाकायला काय होतं? बाटलीचा स्टँड फुकट देतात, बेल फुकट देतात, टी-शर्ट देतात.

सोमवारी दुकानात गेलो. पंप काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, माझ्यासमोर ह्याने नव्वद भरून दाखवा. मालकाने पोऱ्याला हाक मारली. पोऱ्या आतून कमरेएवढा, खाली पाय ठेवायची पट्टी आणि तबकडीएवढं गेज असलेला उभा पंप घेऊन आला. पंधरा-वीस दणके मारले, काटा नव्वदवर.

"भरली, सर."

"अहो, ह्या छोट्याने भरायला सांगितलं मी."

मालकाने माझ्याकडे समजुतीने पाहिलं. "सर, तो सोबत ठेवायचा असतो."